कर्जदाराने स्वतः यावे

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझी पत्नी गेली. त्याच्या नऊ दिवस आधी तिने घराचं कर्ज फेडलं होतं.

ही दोन वाक्यं लागोपाठ लिहिली, कारण पुढचे सात महिने ती मला वेगळी करता आली नाहीत.

ती ग्वाल्हेरात बिर्ला नगरच्या बाजूला एका खासगी शाळेत गणित शिकवायची. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. माझी नोकरी बरीच वर्षं कच्ची होती, तिची पक्की. शिवाय बाईच्या नावावर घर घेतलं तर रजिस्ट्रीचा खर्च कमी येतो. म्हणून किला गेटच्या अलीकडच्या गल्लीतलं हे तीन खोल्यांचं घर तिच्या एकटीच्या नावावर झालं आणि एका खासगी बँकेचं कर्जही तिच्याच नावावर. घराची मूळ रजिस्ट्री, म्हणजे खरेदीखत, बँकेकडे राहिली. निवृत्त झाल्यावर शाळेकडून जी रक्कम आली ती तिने खात्यात चार दिवसही ठेवली नाही. एकटीच बँकेत गेली, उरलेलं सगळं भरून आली, चपला काढता काढता म्हणाली, "झालं. आता तीस दिवसांत कागद द्यायलाच लागतात त्यांना. मध्यवर्ती बँकेचा नियम आहे तसा."

हे तिला कसं माहीत, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात पुस्तकं मी वाचायचो आणि अटी ती वाचायची. गॅसच्या पावतीची मागची बाजूसुद्धा ती वाचून मग ठेवायची.

नवव्या दिवशी तिला छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. तिथून घरी तिला आणलं ते दुपारी.

इथे स्मशानाला मुक्तिधाम म्हणतात. तिथल्या खिडकीवर एक माणूस पावती लिहीत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "नाम?" मी नाव सांगितलं. त्याने लिहिलं. तीच पावती पुढे नगर निगममध्ये गेली आणि तिच्यावरून मृत्यूचा दाखला निघाला. निगममधल्या बाबूने आधार कार्ड मागितलं तेव्हा ते माझ्याजवळ नव्हतं. "बाद में दे जाइएगा," तो म्हणाला. नंतर कुणी मागितलं नाही, मलाही आठवलं नाही.

मी जे नाव सांगितलं ते मी ठेवलेलं होतं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, पहिलं नावही बदलायची रीत होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ती अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. आमचे आजेपणजे दख्खनमधून येताना जे घेऊन आले त्यातलं बरंचसं त्यांच्या मूळ गावी आता सापडणार नाही, इथे सापडतं. मी ते नाव तीन महिने आधी ठरवलं होतं, त्या दिवसांत वाचत असलेल्या एका पुस्तकातून. तिला आधी सांगितलं नव्हतं. तिने ताटाच्या पलीकडून ते उलटं वाचलं. चार दिवसांनी म्हणाली, "नाव चांगलं आहे. पण सर्टिफिकेटं बदलायला मी कुठे धावणार नाही."

ती धावली नाही. पदवी, पगारपत्रक, आधार, पॅन, घर, कर्ज, सगळं वडिलांनी ठेवलेल्या नावावर राहिलं. घरात, नातेवाइकांत, गल्लीत, गणपतीच्या मंडळात मी ठेवलेलं नाव चाललं. शाळेत तर ती नुसती मॅडम होती. चौतीस वर्षांत वडिलांनी ठेवलेल्या नावाने मी तिला एकदाही हाक मारली नाही. ती दोन्ही नावं मी इथे लिहिणार नाही.

मुलगी इंदूरहून आली होती, चौदा दिवस राहून परत गेली. त्यानंतरच्या आठवड्यात पत्नीच्या फोनवर बँकेचा संदेश आला: कर्ज पूर्ण फिटलेलं आहे, मूळ कागदपत्रं शाखेत आलेली आहेत, कर्जदाराने ओळखपत्रासह स्वतः येऊन घेऊन जावीत.

मी दाखला घेऊन गेलो.

टेबलामागे तिशीची एक अधिकारी मुलगी होती. तिने दाखला बघितला, मग समोरचा पडदा, मग परत दाखला.

"सर, ये तो किसी और का है।"

"माझ्या पत्नीचाच आहे," मी म्हणालो. त्या दिवसांत मला बोलायची वेळ आली की आधी मराठीच यायचं.

तिने वर बघितलं. "तुम्ही मराठी? मी पण. इथल्या लश्कर भागातलीच आहे." सरचा काका झाला. "पण काका, कर्ज ज्यांच्या नावावर आहे त्या वेगळ्या आहेत ना. सिस्टममध्ये बघितलं तर त्या..." ती थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "त्या आहेत अजून."

मी तिला तांदळाचं सांगायला लागलो. तिने मला पूर्ण करू दिलं नाही.

"मला माहीत आहे हो. माझ्या आईचं काय वेगळं आहे? राशन कार्डावर एक, पॅनवर एक. दोन्ही मावश्यांचं पण तेच. पण हेड ऑफिसला मी कसं समजावू? त्यांना आडनाव बदललेलं कळतं. पहिलं नाव बदललेलं दिसलं ना, की त्यांना सीधा फ्रॉड वाटतो."

"तुमचं बदललं?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

"माझं लग्न व्हायचंय. आणि मी बदलू देणार नाही, लिहून ठेवा तुम्ही!" ती हसली. मग मी कशासाठी आलोय ते आठवून तिने हसू आवरलं आणि दाखल्याची झेरॉक्स काढायला उठली.

मी बाहेर आलो तेव्हा स्थिती अशी होती. घर जिच्या नावावर, ती बाई कागदोपत्री जिवंत. मेली ती दुसरी कुणी, जिच्या नावावर काहीच नाही. रजिस्ट्री बँकेच्या तिजोरीत. ती मिळाल्याशिवाय घर वारसांच्या नावावर चढणार नव्हतं. मी सहासष्ट वर्षांचा आहे. माझ्यानंतर हे सगळं मुलीने इंदूरहून येऊन पहिल्यापासून सुरू करायचं, असा त्याचा अर्थ होता.

रात्री जेवण झाल्यावर तिला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, तुम्हाला आईचं नाव माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं."

"मग?"

"त्याने नाव विचारलं. मी सांगितलं."

"तुम्हीच बदललं, आता तुम्हीच भुगता." हे ती नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हणाली, पण सूर मध्येच फुटला, आणि आम्ही दोघांनी फोन ठेवला.

ग्रंथालयात मी तीस वर्षं कार्डं केली. एका लेखकाची दोन नावं असतील, एक खरं आणि एक टोपणनाव, तर दोन्ही नावांची कार्डं करायची आणि एकावर लिहायचं की त्या दुसऱ्या नावाखाली पाहा. वाचक कुठल्याही दाराने आला तरी पुस्तकापर्यंत पोचला पाहिजे. हे काम मी हजारो वेळा केलं असेल, आणि घरातल्या माणसासाठी एकदा करायचं होतं ते राहिलं.

मग मी मध्यवर्ती बँकेची परिपत्रकं वाचायला घेतली. त्या महिन्यांत दुसरं काही वाचवत नव्हतं. कादंबरीत कुणी मेलं की मी पुस्तक मिटायचो. परिपत्रकात कुणी मरत नाही. तिथे 'कर्जदाराचा मृत्यू झाल्यास' असं असतं. सकाळी चहानंतर दोन पानं, दुपारी दोन. पेन्सिलने खुणा करायचो.

इतकी वर्षं माझी समजूत होती की ती मोठी बँक म्हणजे नोटा छापणारी. ती घरासाठी, फ्रिजसाठी, लग्नासाठी कुणाला पैसे देत नाही. जे देतात त्यांनी कसं वागावं हे ती लिहून ठेवते आणि तसं वागतात का हे तपासायला माणसं पाठवते. कर्ज देण्याआधी त्याचा एकूण खर्च घेणाऱ्याला एका ठिकाणी, त्याला समजेल असा लिहून द्यावा. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करू नये. कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना धमकावू नये. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करावेत. देणाऱ्याच्या कारणाने उशीर झाला तर दर दिवसाचे पाच हजार रुपये द्यावेत. भाषा कोरडी, पण वाचता वाचता माझ्या लक्षात येऊ लागलं की यातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी घरात काहीतरी घडल्यावर लिहिलेलं आहे. कुणाला तरी पहाटे फोन आला असणार. कुणाच्या तरी मेहुण्याला त्याच्या ऑफिसात जाऊन चारचौघांत बोलले असणार. कुणाचे तरी कागद वर्षानुवर्षं एखाद्या तळघरात पडून राहिले असणार. त्या माणसांची नावं परिपत्रकात नाहीत. त्यांच्यामुळे आलेलं कलम तेवढं आहे.

मला हवं होतं ते कलमही सापडलं. कर्जदार मेला तर मूळ कागद वारसांना कसे परत करणार याची पद्धत बँकेने आधीच ठरवून ठेवावी आणि आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल अशी लावावी. मी आमच्या बँकेचं संकेतस्थळ उघडलं. त्या मथळ्याखाली एकच ओळ होती: अधिक माहितीसाठी शाखेशी संपर्क साधावा.

मी तक्रार लिहिली. रीत अशी की आधी बँकेकडेच तक्रार करायची, तीस दिवस वाट बघायची, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर मध्यवर्ती बँकेच्या लोकपालाकडे जायचं. मी चार परिच्छेद लिहिले. तिसऱ्यात लिहिलं की दाखल्यावरचं नाव चुकीचं पडलं ते माझ्यामुळे, त्यात बँकेचा दोष नाही. माझं म्हणणं एवढंच की अशा वेळी वारसाने काय करावं हे बँकेने सांगितलं पाहिजे.

मुलीला तो मसुदा पाठवला तर तिचा लगेच फोन आला.

"बाबा, असं कोण लिहितं तक्रारीत? स्वतःचीच चूक? ते तर हेच पकडून बसतील!"

"खरं आहे ते लिहिलं."

"कोर्टात गीतेवर हात ठेवलाय का तुम्ही? आई असती ना, तर हा तिसरा पॅराग्राफ उडवून टाकला असता तिने."

ते बरोबर होतं. पण परिच्छेद मी तसाच ठेवला.

अठ्ठावीस दिवसांनी उत्तर आलं. इंग्रजीतलं, छापील साच्याचं. आपल्या गैरसोयीबद्दल बँकेला खेद आहे. आमच्या नोंदीनुसार कर्ज पूर्ण फिटलेलं असून कागदपत्रं शाखेत उपलब्ध आहेत. कर्जदाराने स्वतः यावे.

लोकपालाकडे तक्रार संगणकावरून करता येते किंवा टपालाने चंडीगडला पाठवता येते. मी टपालाने पाठवली. स्पीड पोस्टच्या पावतीवर पाठवणाऱ्याचं नाव लिहिताना मी थोडा थांबलो. माझं नाव एकच आहे, तरी थांबलो.

पत्नीचा फोन मी चार्ज करून ठेवत असे, कारण बँकेचे संदेश त्यावरच यायचे. त्यामुळे दुसरेही फोन यायचे. सर्वसाधारणपणे दुपारी, तीनच्या सुमाराला.

"नमस्ते, मॅडम से बात हो सकती है?" एक तरतरीत आवाज. फोन करणारी जे नाव घ्यायची ते पत्नीच्या वडिलांनी ठेवलेलं असायचं.

"त्या नाहीत," मी म्हणायचो, मग हिंदीत, "नहीं हैं।"

"सर, कब तक आ जाएँगी? मॅडम का रेकॉर्ड बहुत अच्छा है, उनके नाम पर पर्सनल लोन पास हुआ पड़ा है। कोई कागज़ नहीं लगेगा।"

पहिल्यांदा मी सांगितलं की त्यांचं निधन झालं. पलीकडून "सॉरी सर", मग फोन बंद. पुढच्या आठवड्यात दुसरा आवाज, तेच कर्ज, थोडं वाढलेलं. एकही हप्ता न चुकवता तिने सगळं फेडलं होतं, म्हणून ती त्यांच्या यादीत वर होती. तिच्या घराचे कागद घ्यायला तिने स्वतः जायला हवं होतं. नवं कर्ज द्यायला कुणाला तिला बघायचीही गरज नव्हती. वसुलीच्या फोनच्या वेळा परिपत्रकात मी वाचल्या होत्या. ज्यांनी काही बुडवलेलं नाही त्यांना अजून कर्ज घ्या म्हणून किती वेळा विचारावं, ते मी वाचलेल्या पानांत मला सापडलं नाही. शेवटी मी सांगायला लागलो की मॅडमना नको आहे. त्यावर ते जास्त बोलायचे नाहीत.

चंडीगडहून पोच आली. मग पाच आठवडे काही नाही. मग एका सकाळी शाखेतून त्या लश्करच्या मुलीचाच फोन.

"काका, आज येऊ शकाल का? जरा अर्जंट करून राहिले आहेत सगळे."

"काय झालं?"

"ऑडिटवाले... ऑडिट नाही, मध्यवर्ती बँकेची माणसं आली आहेत, तपासणीला. त्यांनी फिटलेल्या कर्जांची लिस्ट मागितली, कोणाचे कागद तीस दिवसांच्या वर अडकलेत. आपल्या शाखेतून दोनच नावं आहेत. एक तर दुबईला राहतात. दुसऱ्या आपल्या काकू." तिने माझ्या पत्नीला कधी बघितलं नव्हतं. "वर तुमची ती तक्रार पण त्यांच्याकडे पोचलीय. मॅनेजर साहेबांनी सकाळपासून चहा नाही घेतला."

मी गेलो. त्या तपासणीला आलेल्या माणसांपैकी कुणी मला दिसलं नाही. एका काचेच्या खोलीचं दार बंद होतं आणि बाहेर शिपाई बिस्किटांची बशी घेऊन उभा होता. मॅनेजर, पन्नाशीचे, घामाघूम गृहस्थ, स्वतः उठून उभे राहिले. एरवी वर्षानुवर्षं ज्याला पत्र गेलं नसतं त्या वारसाला त्यांनी खुर्ची दिली. हेड ऑफिस तयार झालं होतं. दाखल्यावर कर्जातलं नाव असेल तर कागद त्याच दिवशी मिळणार होते.

"दोन्ही नावं घालून घेतो," मी म्हणालो. "एक, उर्फ दुसरं. निगमवाले करून देतील."

मॅनेजरांनी शेजारी उभ्या असलेल्या त्या लश्करच्या मुलीकडे बघितलं. ती मराठीत बोलली, म्हणजे ते आमच्या दोघांतच राहिलं. "काका, उर्फ नका घालू. उर्फ दिसलं की फाईल परत लीगलला जाणार. ते विचारतील दुसरं नाव कुठून आलं, त्या नावाने कुठे कर्ज आहे का, कोणी दुसरा वारस आहे का. परत तीन-चार महिने. ही माणसं आज इथे आहेत म्हणून हे उठून उभे राहिले. नंतर कोण उभा राहणार आहे?"

मी विचार करतो म्हणून घरी आलो. दोन दिवस काही केलं नाही. हट्ट करून उर्फ लिहून घेता आलं असतं; लोकपाल होता, कलमं होती, माझ्याकडे वेळ होता. वेळ नव्हता असंही म्हणता येईल. वडील त्र्याऐंशीव्या वर्षी गेले, आजोबा एकोणसत्तराव्या. मी मुलीला विचारलं.

"तुम्हाला काय पाहिजे ते करा," ती म्हणाली. मग म्हणाली, "आईनं स्वतः कधी ते लिहिलं का कुठे?"

मी आठवून बघितलं. सह्या, अर्ज, शाळेची निकालपत्रं, माझ्या नावाची दोनचार पत्रं. पत्रांच्या खाली ती नाव लिहायचीच नाही. माझ्या आईला लिहिलेल्या दिवाळीच्या पत्रांखाली मात्र मी ठेवलेलं नाव लिहायची, सूनबाई म्हणून. ती पत्रं आईनंतर कुणी ठेवली नाहीत.

टोपी बाजारात एका दुकानात शपथपत्रं टाइप करून मिळतात. दुकान टोप्यांच्या दोन दुकानांच्या मध्ये आहे, त्याच्याकडे छापलेले नमुने असतात, नावं आणि पत्ते तेवढे भरायचे. त्याने वाचून दाखवलं: मृत्यू पंजीयनाच्या, म्हणजे नोंदणीच्या, वेळी माझ्याकडून माझ्या पत्नीचं नाव भूलवश गलत सांगितलं गेलं.

"हे भूलवश काढता येईल का?" मी हिंदीत विचारलं.

"क्यों सर जी?"

"चुकून सांगितलं नव्हतं. तेच नाव होतं."

त्याने चष्मा वर केला. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. "सर जी, जानबूझकर लिखूँ तो थाने जाना पड़ेगा," तो म्हणाला. मागचे हसले. मग त्याने माझा चेहरा बघितला असावा. आवाज खाली आणून म्हणाला, "फॉर्मेट है, सर जी। इसमें सब भूलवश ही लिखवाते हैं।"

मी सही केली.

निगममध्ये बाबूने शपथपत्र, आधार आणि जुना दाखला घेतला. जुन्या दाखल्यावर आडवी रेघ मारून तो फाईलला लावला. नवा दाखला नवव्या दिवशी मिळाला. दहाव्या दिवशी मी बँकेत गेलो.

त्या मुलीने पाकीट माझ्यासमोर फोडलं. रजिस्ट्रीची पानं ती एकेक उलटत गेली आणि मी सोबतच्या यादीवर खूण करत गेलो. प्रत्येक पानाच्या खाली पत्नीची सही होती, सगळ्या पानांवर सारखी, एकही घाईची नाही. बावीस पानं. मी पोच लिहून दिली.

"काका, एक विचारू? मॅनेजर साहेबांनी सांगितलंय म्हणून." ती अवघडली होती. "ती तक्रार मागे घ्याल का आता?"

"नाही. तिला उत्तर येऊ दे."

"मी पण हेच म्हणणार होते," ती म्हणाली. "पण मी हे बोलले नाही हं."

उत्तर पुढच्या महिन्यात आलं. कागद मिळाले असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. विलंबाचं कारण अर्जदाराने स्वतः नमूद केल्याप्रमाणे बँकेकडे नसल्याने भरपाई देय नाही. ते माझ्या तिसऱ्या परिच्छेदावरून होतं, मुलीला वाचून दाखवलं तेव्हा ती "बघा!" एवढंच म्हणाली. त्याखाली आणखी एक ओळ होती: मृत कर्जदारांच्या वारसांसाठीची पद्धत संकेतस्थळावर पूर्ण आणि स्पष्ट लावण्याची सूचना बँकेला करण्यात आली आहे.

काही दिवसांनी मी ते संकेतस्थळ उघडून बघितलं. शाखेशी संपर्क साधण्याची ओळ गेली होती. तिच्या जागी दीड पान होतं, मुद्द्यांसह. सहावा मुद्दा असा, की मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि कर्जदाराचं नाव वेगळं असल्यास, विवाहानंतर नाव बदलल्याचं वारसाचं शपथपत्र स्वीकारलं जाईल. म्हणजे पुढच्या माणसाला दाखला बदलावा लागणार नाही. मला तो आधीच बदलावा लागला होता.

घर आता माझ्या आणि मुलीच्या नावावर आहे. रजिस्ट्रीची बावीस पानं कपाटात आहेत. दाखल्यावर, बँकेत आणि निगममध्ये पत्नीचं एकच नाव आहे, तिच्या वडिलांनी ठेवलेलं. मी ठेवलेलं नाव आता कुठल्याही सरकारी कागदावर नाही. ते मला, मुलीला आणि या गल्लीतल्या चार-पाच घरांना माहीत आहे.